नोंद राहून गेली

गेल्या फाल्गुनात आमच्या वस्तीतील एक आजी गेल्या. वय ब्याऐंशी की चौऱ्याऐंशी, यावर घरातच एकमत नव्हते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोर मांडव घातला, त्रिशरण-पंचशील झाले, वंदना झाली, आणि नेहमीप्रमाणे माईक आमच्या हाती आला. "तुम्ही समाजाचं काम करता, तुम्हीच दोन शब्द बोला." आम्ही उभे राहिलो. आजी कष्टाळू होत्या, मायाळू होत्या, बाबासाहेबांवर त्यांची अढळ निष्ठा होती, एवढे बोलून झाले आणि पुढचे शब्द सापडेनात. त्यांच्या आईचे नाव काय? माहेर कोणते? त्यांचे यजमान भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, ते कोणत्या तुरुंगात, किती दिवस? आम्हाला ठाऊक नव्हते. समोर बसलेल्या त्यांच्या दोन मुलांनाही ठाऊक नव्हते. पाच मिनिटांत जयभीम म्हणून खाली बसलो. ब्याऐंशी वर्षांचे आयुष्य, आणि पाच मिनिटे.

वाईट याचे वाटते की त्या आजींनी आम्हाला आधी सांगून ठेवले होते. दोन वर्षांपूर्वी वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असताना त्या आमच्याजवळ सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "बापू, एक डाव वही घिऊन ये. म्या सांगते, तू लिव." आम्ही म्हणालो, "येतो आजी, एवढा मार्च एंड होऊ द्या." मार्च झाला. मग निवडणुकीची ड्युटी लागली. मग घरी आजारपण निघाले. मग दुसरा मार्च आला. बाकीचे काय सांगावे!

त्यांच्याकडून उभ्या उभ्या ऐकलेल्या दोनच गोष्टी आमच्याजवळ उरल्या. एक अशी की १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जायचे ठरले, तेव्हा घरात पांढरे लुगडे नव्हते. आईने वडिलांचे धोतर मधोमध फाडले, अर्धे स्वतः नेसली, अर्धे लेकीला गुंडाळले. दुसरी अशी की परत आल्यावर घरातले देव टोपलीत भरून नदीवर नेले, तेव्हा टोपली यांच्याच डोक्यावर होती आणि भीतीने त्यांचे पाय लटपटत होते. "देवाला भेत नव्हते रे, टोपली पडन म्हून भेत होते," असे म्हणून त्या हसल्या होत्या.

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी करतो. बी.कॉम.ला असताना सर सांगत, ज्याची नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही असे धरून चालायचे. आमच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै आहे, चुलत्यांच्या दाखल्यावर १ जुलै आहे, शेजारच्या तिघांची १ जुलै आहे. शाळा उघडली की गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत आणि तारीख तीच टाकीत. आमचे म्हणायचे ते एवढेच की आपल्या मागच्या पिढीच्या कागदाची सुरुवातच अंदाजाने झाली, आणि बायकांच्या वाट्याला तर तो अंदाजाचा कागदही आला नाही.

आता ज्या चिखलीत आमच्यासारख्याला एका आजीची माहिती सांगता आली नाही, त्या चिखलीचे नाव चरित्रलेखनाच्या इतिहासात फार मानाचे आहे, हे किती वाचकांना माहीत असेल? महात्मा जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. ज्यांनी मुलींची शाळा काढली, पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 'गुलामगिरी' लिहिली, त्यांचे ग्रंथरूपाने चरित्र यायला सदतीस वर्षे लागली. आणि ते आले कुठून? पुण्याहून नाही, मुंबईहून नाही. सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिलेले जोतीरावांचे चरित्र १९२७ मध्ये आमच्या चिखलीहून प्रसिद्ध झाले. जोतीरावांचे पहिले चरित्रकार म्हणून आजही त्यांचेच नाव घेतले जाते. धनंजय कीरांचा फुल्यांवरचा ग्रंथ येईपर्यंत १९६० चे दशक उजाडले होते.

१९२७ हे साल आपल्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. आणि त्याच वर्षी वऱ्हाडातल्या एका आडगावी एक माणूस फुल्यांचे आयुष्य कागदावर उतरवून छापून काढतो. पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला आणि बुद्ध, कबीर, फुले हे आपले तीन गुरू असल्याचे सांगितले. आज आपल्या प्रत्येक घरात फुल्यांचा फोटो आहे. पंढरीनाथ पाटलांचे नाव मात्र चिखलीच्या पोरांनाही सांगावे लागते. जो दुसऱ्याची नोंद करतो त्याची नोंद कोण करणार, हाही एक प्रश्नच आहे.

आपला जिल्हा तसा इतिहासाचा जिल्हा. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ माँसाहेबांच्या जयंतीला लाखोंची गर्दी लोटते. लखुजी जाधवांचा वाडा आहे, समाधी आहे, दगड बोलतात. ज्याला वाडा आहे त्याला वंशावळ आहे. आपल्या माणसांना वाडे नव्हते. त्याच १२ जानेवारीला, १९३९ साली, कामठीचे बाबू हरदास वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. विडी कामगारांची संघटना करणारे, १९३७ च्या निवडणुकीत निवडून आलेले आणि 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते हे हरदास. दिवसातून दहा वेळा आपण त्यांचा शब्द तोंडी घेतो. आम्ही विहारात एकदा पंधरा-वीस मुलांना विचारले, हरदास कोण? एका मुलीचा हात वर आला. तीही नागपूरला मामाकडे राहून आलेली.

मग आपल्या माणसांची चरित्रे लिहिली कुणी? ज्यांना नोकरी सांभाळून, घरचा दिवा जाळून लिहावे लागले त्यांनी. चांगदेव भवानराव खैरमोडे सरकारी नोकरीत होते. बाबासाहेब हयात असतानाच १९५२ मध्ये त्यांच्या चरित्राचा पहिला खंड त्यांनी काढला. पुढे त्याचे बारा खंड झाले. खैरमोडे १९७१ मध्ये गेले तेव्हा ते सगळे छापून झालेले नव्हते, आणि उरलेले बाहेर यावेत म्हणून त्यांच्या पत्नी द्वारकाबाई झटल्या. नागपूरचे वसंत मून महसूल खात्यातले. त्यांनी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचे संपादन केले, हे सर्वांना माहीत आहे. पण १९८७ मध्ये त्यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील बाबासाहेबांच्या आधीच्या दलित चळवळीवर पुस्तक लिहिले आणि १९९५ मध्ये 'वस्ती' लिहून आपल्याच मोहल्ल्याची नोंद केली, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार या दोघी तर चळवळीतल्या बायका शोधत दारोदार हिंडल्या. त्यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आले.

त्या पुस्तकामुळे आम्हाला जाईबाई चौधरी भेटल्या. उमरेडला १८९२ साली जन्मलेल्या. दुष्काळामुळे घरचे लोक नागपूरला आले आणि या बाईंनी रेल्वे स्टेशनवर डोक्यावरून प्रवाशांचे सामान वाहिले. पुढे शिकल्या. मास्तरीण झाल्या, तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून स्पृश्यांनी कटकट केली आणि नोकरी गेली. त्यांनी १९२२ मध्ये स्वतःच चोखामेळा मुलींची शाळा काढली. हमाली करणारी बाई शाळा काढते! आमच्या सौभाग्यवतींना हे वाचून दाखवले तेव्हा त्या पोळ्या लाटायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं?" याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

पुण्याला चित्रावशास्त्र्यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२ ते १९४६ या काळात सिद्ध केले. काम प्रचंड, त्याला नमस्कारच. पण कोशात यायचे तर माणूस आधी कुठेतरी कागदावर यावा लागतो. आणि कागद कुणाच्या घरी होता, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

या बाबतीत वेल्स नावाच्या एका छोट्या मुलुखाची हकीकत आमच्या वाचनात आली. इंग्लंडच्या शेजारचा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा प्रदेश, वस्ती साधारण एकतीस लाख. आपल्या एकट्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार होती, म्हणजे अंदाज यावा. त्यांची भाषा वेगळी, आणि इंग्रजीच्या दडपणाखाली दबलेली. या लोकांनी १९५३ मध्ये आपल्या माणसांचा चरित्रकोश काढला, तोही आधी आपल्या भाषेत. इंग्रजी आवृत्ती नंतर, १९५९ मध्ये. पुढे त्यात भर पडत गेली. त्यात राजेरजवाडे आहेत तसे उपदेशक आहेत, कवी आहेत, क्रिमियाच्या युद्धात जखमींची सेवा करणारी बेट्सी कॅडवालडर ही परिचारिका आहे. त्यात घराण्यांच्याही नोंदी आहेत. ट्रेडेगरच्या मॉर्गन या जमीनदार घराण्याची आहे. त्यांच्या जहागिरीवरून ज्या गावाला ट्रेडेगर हे नाव पडले, त्याच गावच्या अन्युरिन बेव्हनचीही आहे. हा खाणकामगाराचा मुलगा. तेराव्या वर्षी स्वतः खाणीत उतरला, पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ पासून तिथल्या गोरगरिबांना मोफत औषधपाणी सुरू झाले. मालकाचे घराणे आणि मजुराचा पोर, दोघे एकाच कोशात. हे वाचून आम्हाला हेवा वाटला, खोटे कशाला बोलावे?

घराण्याची नोंद हा प्रकार आम्हाला विशेष पटला. एकटा माणूस कधी मोठा होत नाही. बाबासाहेबांचेच पाहा. सुभेदार रामजींनी मुलाला पुस्तकासाठी कधी नाही म्हटले नाही, हे आपण भाषणात सांगतो. पण आई भीमाबाई लवकर गेल्यावर त्या घरातली चूल कुणी पेटवली? रामजींची बहीण मीराबाई, शरीराने अधू, तिने त्या लेकरांना सांभाळले. मीराआत्या नसत्या तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. आपल्या जयंतीच्या एखाद्या बॅनरवर त्यांचे नाव कुणी पाहिले आहे का?

नोंद करायची तर ती खरी करावी लागते, आणि इथे आपल्या मंडळींची थोडी पंचाईत होते. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी पत्रे काढली, मुलींच्या शिक्षणासाठी जीव टाकला. पण धर्मांतराच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या बाजूने आले नाहीत. अमरावतीकडचे गणेश आकाजी गवई १९३२ मध्ये राजा-मुंजे कराराच्या बाजूला गेले. म्हणून काय त्यांची पाने फाडून टाकायची? आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, फाडाच. आम्हाला ते पटत नाही. केलेले कामही लिहावे, चुकलेली वाटही लिहावी.

असे सगळे मोठमोठे आम्ही बोलतो, पण आजी गेल्या त्या गेल्याच. पुण्यानुमोदनाहून घरी आलो त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना दोनशे पानी रजिस्टर विकत घेतले. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एक पान. नाव, आईचे नाव, माहेर, कोणते काम केले, १९५६ ला कुठे होता, शाळेत कोण पहिल्यांदा गेले, कोणत्या सत्याग्रहात होता. रविवारी सकाळी दोन घरे करायची, असा नेम.

पहिली अडचण बायकांच्या नावाची. एक अमडापूरवाली, एक मेहकरवाली, एक देऊळगाववाली. सून आली की तिचे गाव तिचे नाव होते. खरे नाव विचारले तर नातवंडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आमच्या स्वतःच्या पणजीच्या पानावर नावाची जागा कोरी आहे. वडिलांना विचारले तर म्हणाले, "तिला सगळे बुढीच म्हणायचे." लोकांकडे वही घेऊन फिरणाऱ्याच्या घरची ही स्थिती!

दुसरी अडचण अधिक नाजूक. एका घरी नव्वदीच्या आसपासच्या बाबांनी मनापासून सांगितले. गावचे मेलेले ढोर ओढण्याचे काम त्यांच्या वडिलांकडे होते. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी ते सोडले. गावाने दुकान बंद केले, दळण बंद केले, मजुरी बंद केली. बाबा तेव्हा वीस-बावीस वर्षांचे. दोन कोस चालून दुसऱ्या गावाहून पीठ आणत. सगळे आम्ही लिहून घेतले. संध्याकाळी त्यांचा नातू घरी आला. चांगला शिकलेला, पगारदार, स्वभावाने गरीब. हात जोडून म्हणाला, "काका, ते ढोराचं तेवढं काढून टाका. बहिणीचं जमत आलंय. तिकडचे लोक पुण्यात स्थायिक आहेत, कुणी वाचून दाखवलं तर?"

आम्ही त्याला चहा दिला आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा'तील एक प्रकरण सांगितले. बाबासाहेबांच्या या आठवणी १९९० मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यात परमार कालिदास शिवराम नावाच्या एका भंगी समाजातील तरुणाची हकीकत आहे. १९३६ मध्ये तो गुजरातेत बोरसद तालुक्याच्या कचेरीत तलाठी म्हणून रुजू झाला. कारकुनाने त्याला लांब उभे केले, पाण्याचे वेगळे गंजके भांडे ठेवले. शेवटी जीव वाचवून तो मुंबईला आला. मार्च १९३८ मध्ये दादरजवळच्या सभेत त्याने हे सांगितले आणि बाबासाहेबांनी ते जसेच्या तसे, त्याच्या नावानिशी लिहून ठेवले. त्या मुलाच्या नावापुढे कोणतीही मोठी पदवी नाही. एक तलाठी, म्हणजे आमच्यासारखाच कागदावर बसणारा माणूस. ते प्रकरण वाचताना आम्हाला नेहमी आपल्या टेबलाची आठवण येते. आम्ही त्या नातवाला म्हणालो, "बाळा, ढोर ओढणं खोडलं तर ते सोडलं हेही खोडावं लागतं. मग दोन कोस चालून आणलेलं पीठ कुठे लिहू?"

तो काही बोलला नाही. चहा पिऊन गेला. त्याचेही चूक आहे असे आम्हाला म्हणवत नाही. लग्न त्याच्या बहिणीचे आहे, आमच्या नाही. तेवढ्या ओळी आम्ही पेन्सिलने लिहून ठेवल्या आहेत. बाबांना हे कुणीतरी सांगितले असावे. परवा विहारात भेटले तेव्हा काठी आपटून म्हणाले, "पेन नाई का रे तुह्याजवळ?"

आतापर्यंत एकेचाळीस पाने भरली. अक्षर सगळीकडे सारखे नाही, कारण काही पाने नववीतल्या आणि कॉलेजातल्या मुलींनी लिहिली आहेत. त्यांना मोबाईलमध्ये आवाज साठवता येतो, त्यामुळे म्हातारी माणसे आता त्यांनाच आधी बोलावतात. आजींच्या पानावर चारच ओळी होत्या. धोतराची आणि टोपलीची गोष्ट तेवढी. गेल्या आठवड्यात कल्याणहून त्यांच्या लेकीचा फोन आला. तिने तिकडे एका मावशीला गाठून आजीच्या आईचे नाव विचारून घेतले होते. नाव सांगताना ती रडायला लागली. आम्ही ते नाव पाचव्या ओळीवर लिहिले, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख घातली.

माहेरची जागा अजून कोरी आहे. आजींच्या नात्यातले एक बाबा उंद्रीला असतात, त्यांना त्या गावाची माहिती आहे म्हणतात. प्रकृती बरी नसते. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने निघणार आहोत. वही पिशवीत भरून ठेवली आहे, पेनही ठेवला आहे.